लोकमान्यांचे जन्मस्थान व एक सोडलेले अध्यक्षपद

रत्नागिरीच्या टिळक आळीत एक कौलारू घर आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने ते जतन केले असून तेथे लोकमान्यांचे स्मारक आहे. जालन्याहून तेथवर जाण्याचा योग आम्हांस सेवानिवृत्तीनंतर आला. घर पाहून प्रथम मनात आले ते हेच की, हे एका शिक्षकाचे घर!

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म रत्नागिरीस २३ जुलै १८५६ रोजी झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक. गणित व संस्कृत यांची गोडी मुलास त्यांनीच लावली. १८६६ साली वडिलांची बदली पुण्यास झाली व त्याच वर्षी मातोश्री निवर्तल्या. सोळाव्या वर्षी पितृछत्रही हरपले. तथापि विद्याभ्यास सुटला नाही. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, पुढील वर्षी 'केसरी' व 'मराठा', १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा, १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेचा तुरुंग, हा क्रम आबालवृद्धांस ठाऊक आहे.

त्या मानाने एक गोष्ट कमी सांगितली जाते. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली आणि टिळकांचा पक्ष बाहेर पडला. १९१६ साली लखनौस दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले. पुढे १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी अध्यक्ष म्हणून लोकमान्यांचीच निवड झाली. देशातील याहून मोठा मान तेव्हा दुसरा नव्हता. परंतु चिरोल यांच्यावरील खटल्यासाठी त्यांस विलायतेस जाणे प्राप्त होते. त्यांनी अध्यक्षपद सोडले. त्या जागी पंडित मदनमोहन मालवीय आले. १९१९ साली खटल्याचा निकालही विरुद्ध गेला. तरीही विलायतेतील मुक्कामात त्यांनी स्वराज्याचा प्रचार चालूच ठेवला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. अध्यक्षपद त्यांस लाभले नाही. लोकमान्य ही पदवी मात्र लोकांनी दिली, ती आजतागायत टिकली.

हे लिहिताना आमचाच एक दोष कबूल करणे भाग आहे. मंडळातील एका पदावरून आम्ही एका जुन्या स्नेह्याशी दोन वर्षे अबोला धरला होता. रत्नागिरीच्या त्या अंगणात आम्हांस त्याची लाज वाटली. परत येताच आम्ही त्यांच्या घरी गेलो व निवडणुकीतून आपले नाव मागे घेतले.

आपली मुले आज जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कष्टाने पुढे येत आहेत. सुटीत त्यांस हे घर अवश्य दाखवावे. मान आणि कार्य यांत निवड करण्याची वेळ आली असता काय निवडावे, हे त्यांस तेथे कळेल.