शिष्यवृत्तीचा करार आणि निपाणीची परिषद

गोव्याहून आंबोली घाट चढून संकेश्वरमार्गे कोल्हापूरकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत निपाणी लागते. तंबाखूची बाजारपेठ म्हणून नावारूपाला आलेले हे गाव १९२५ साली मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात होते. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात येथे मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन भरले आणि त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीत आले. वयाची चौतीस वर्षे पूर्ण करीत असलेल्या या बॅरिस्टराजवळ लंडन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी होती. या पदवीपर्यंतची वाट कोणत्या आधारावर आणि कोणत्या अटींवर चालावी लागली, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या शिक्षणविषयक आग्रहाचे मूळ कळत नाही.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. महार समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे त्या काळी इतके दुर्मीळ होते की मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा झाली. सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी उपस्थित होते. पुढे इंटरची परीक्षा झाल्यावर निवृत्त सुभेदार रामजींची आर्थिक ताकद संपत आली, तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी या तरुणाला भेटीस बोलावून प्रश्न विचारले, त्याची पारख केली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. या रकमेच्या बळावर एल्फिन्स्टन महाविद्यालयातील बी.ए.चा अभ्यासक्रम पूर्ण झाला.

१९१३ च्या प्रारंभी ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी रोजी, वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थी निवडले, त्यांत भीमरावांचा समावेश झाला. ४ जून १९१३ रोजी करारावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा, अशी त्या कराराची रूपरेषा होती. म्हणजे हे दान नव्हते. दोन्ही पक्षांना बांधणारा तो व्यवहार होता.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन १९१५ साली एम.ए. केले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे त्यांनी प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन शिक्षण पुरे करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. कागदोपत्री मिळवलेली ही मुभाच पुढे उपयोगी पडली.

कराराप्रमाणे ते बडोद्यास हजर झाले. परंतु विदेशातून उच्च विद्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. आपली ओळख लपवून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. ती उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अखेर त्यांनी बडोदा सोडले. शिष्यवृत्ती माणसाला पदवीपर्यंत पोहोचवते, पण डोक्यावर छप्पर असेलच अशी हमी देत नाही, हा धडा त्यांना स्वतःच्या अनुभवातून मिळाला.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि काटकसरीने पैसा साठवू लागले. मार्च १९२० मध्ये तेव्हाच्या कागल जहागिरीतील माणगाव येथे परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. राजर्षी शाहू महाराज तेथे उपस्थित होते. शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज आणि स्वतःची शिल्लक यांची जुळवाजुळव करून ते त्याच वर्षी पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने त्यांना डी.एस्‌सी. मिळवून दिली.

निपाणीला आलेले आंबेडकर हा सारा हिशेब मनात ठेवून आले होते. १९२४ च्या जुलैमध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती आणि निपाणीच्या परिषदेच्या तीन महिने आधी, जानेवारी १९२५ मध्ये, सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले होते. बडोद्याने न दिलेली खोली ते आता इतरांच्या मुलांसाठी उभी करत होते.

परंतु केळुसकर प्रत्येक मुलाला भेटत नाहीत आणि सयाजीराव प्रत्येक संस्थानात नसतात. ही उणीव भरून काढण्याची संधी १९४२ साली आली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाल्यावर त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन दिले. अलिगढ आणि बनारस विद्यापीठांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा दाखला देऊन त्यांनी उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद मागितली. वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि काही विद्यार्थी परदेशीही गेले. १९४४ पासून चालू असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना याच प्रयत्नांतून आकाराला आली. ओळखीच्या जागी अर्ज आणि मर्जीच्या जागी नियम आला, हे तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चिकोडी तालुका म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आज निपाणी-चिकोडीचा अनुसूचित जातीचा विद्यार्थी कोल्हापुरात शिकत असला तरी ही शिष्यवृत्ती त्याला त्याचे मूळ राज्य देते. गोव्यातून बाहेर शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यालाही तोच नियम लागू पडतो. जातीचा दाखला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढी तयारी त्याने मुदतीपूर्वी ठेवायची असते. एका विद्यार्थ्याला यासाठी एकेकाळी महाराजांच्या भेटीची वाट पाहावी लागली होती. ती वाट इतरांना पाहावी लागू नये, यासाठीच त्याने पुढे तीन लाखांची तरतूद मागून घेतली.