घराच्या उंबरठ्यावरचा राखणदार

निपाणीच्या आमच्या घरातला आजोबांचा तंबोरा मी स्वतःच्या हाताने विकला, ही गोष्ट सांगावयास लाज वाटते. वडील कोवळ्या वयात संस्थानच्या दरबारी त्याच तंबोऱ्यावर गायले. ते गेल्यावर भोपळ्याला चीर पडली, आणि दारी आलेल्या एका व्यापाऱ्याला मी तो देऊन टाकला. तो परदेशी गिऱ्हाइकाकडे गेल्याचे मागाहून कळले.

पुढे पुण्यास शुक्रवार पेठेतील राजा केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांपुढे उभा राहिलो, तेव्हा दिनकर गंगाधर केळकरांची थोरवी मला खऱ्या अर्थाने उमगली.

केळकरांचा जन्म १८९६ साली मावळातील करंजगावी झाला. अज्ञातवासी या नावाने ते कविता लिहीत. पुण्यात घरचे चष्म्यांचे दुकान होते. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, तो जन्मभर सुटला नाही. अडकित्ते, वज्री, फण्या, दिवे, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंवर त्यांची नजर होती. लोक ज्या वस्तू मोडीत घालीत, त्या ते पदरमोड करून घरी आणीत. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. राजा हा मुलगा सातव्या वर्षी गेला. त्याचेच नाव त्यांनी या संग्रहाला दिले. १९६० पर्यंत वस्तू पंधरा हजारांच्या घरात गेल्या. १९६२ साली संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ साली केळकरांनी ते सारे महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. १९९० साली ते निवर्तले.

पुराणवस्तू देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून १९४७ साली निर्यातीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याहून कडक असा १९७२ चा कायदा १९७६ पासून अमलात आहे. परंतु त्याचे संरक्षण सामान्यतः शंभर वर्षे पुरी झालेल्या वस्तूंना. आमच्या तंबोऱ्याने जेमतेम नव्वदी ओलांडली होती. बंदरावर त्याला कोण अडवणार? त्याला अडवावयाचे ते आमच्याच उंबरठ्यावर. केळकरांनी जन्मभर केले ते हेच.

आता शिष्यांना मी प्रथम त्यांच्या घरची माडी धुंडाळावयास लावतो. गेल्या साली एका मुलीने धुळीतून पणजोबांची सारंगी काढून आणली. तिच्या तारा गंजल्या आहेत, पण ती घरीच आहे.