शार्कचा दात आणि धन्यवादित नील्स स्टेनसन

उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणी दूरवर जाते, तेव्हा मढ, मनोरी वा गोराईच्या किनाऱ्यावर आपली मुले शंखशिंपले वेचतात. जगातील काही किनाऱ्यांवर याच वेळी लोक निराळ्याच वस्तूच्या शोधात वाकून चालतात. ती वस्तू म्हणजे शार्क माशाचा, मुशीचा, दगड झालेला दात. लाटांनी कड्याचा थर झिजतो आणि काळसर, त्रिकोणी, चकचकीत दात वाळूगोट्यांत मोकळे पडतात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने सहसा कुजून जातो, दात मात्र टिकतात. शिवाय एकच मासा आयुष्यभरात हजारो दात टाकतो.

आपल्या पवईला हे भाग्य नाही. तलावाभोवतीच्या टेकड्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या, आणि लाव्हारसात मासा कोठून सापडणार? समुद्रतळाशी गाळ साचून झालेल्या खडकातच असे दात मिळतात. आपल्या देशात त्यासाठी कच्छकडे जावे लागते. तरीही पवईच्या आय.आय.टी.त भूविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रारंभीच ज्या शास्त्रज्ञाचे नियम अभ्यासावे लागतात, त्याची कीर्ती अशाच एका दातापासून सुरू झाली. तो पुढे आपल्या ख्रिस्तसभेचा बिशप झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

नील्स स्टेनसन, लॅटिन नावाने निकोलस स्टेनो, यांचा जन्म जानेवारी १६३८ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात एका ल्युथरपंथीय सोनाराच्या घरी झाला. बालपण आजारपणात गेले. तरुणपणी शहरात प्लेगचे थैमान त्यांनी पाहिले. वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी ते हॉलंडला गेले आणि १६६० साली मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना गालातील लाळग्रंथीपासून तोंडात उघडणारी नलिका त्यांना आढळली. वैद्यकाच्या पुस्तकांत ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हृदय हे गूढ उष्णतेचे पात्र नसून एक स्नायू आहे, हेही त्यांनी दाखवून दिले.

१६६६ मध्ये ते इटलीतील फ्लॉरेन्स येथे ग्रँड ड्यूक दुसरे फेर्डिनांडो यांच्या आश्रयास आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक अजस्र शार्क पकडला. ड्यूकने त्याचे मस्तक फ्लॉरेन्सला मागविले आणि विच्छेदनाचे काम स्टेनोंवर सोपविले. जबड्यातील दातांच्या रांगा पाहताना त्यांना माल्टा बेटावरील त्या प्रसिद्ध दगडांची आठवण झाली.

त्या दगडांना युरोपात ‘जिव्हापाषाण’ म्हणत. ते आकाशातून पडतात, असे प्राचीन रोमन लेखक प्लिनी सांगून गेला होता. माल्टातील भाविकांची समजूत वेगळी होती. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात संत पॉल यांना माल्टा येथे विषारी साप डसल्याचा व त्यांना काहीही इजा न झाल्याचा प्रसंग आहे. त्यावरून, संताने सापांना शाप दिला व त्यांच्या जिभा दगड झाल्या, अशी कथा रूढ झाली होती. विषावर उतारा म्हणून हे दगड विकले जात. पवित्र शास्त्रात शापाचा वा दगडांचा उल्लेखच नाही. श्रद्धेच्या कडेने उगवलेली ती लोककथा होती. पण अशा कथेला हात लावणे त्या काळी सोपे नव्हते, आणि आजही नाही.

हे दगड शार्कच्या दातांसारखे आहेत, हे स्टेनोंपूर्वीही काहींनी म्हटले होते. फाबिओ कोलोन्ना यांनी तर १६१६ मध्येच तसे प्रतिपादन केले होते, आणि ते श्रेय त्यांचे त्यांना द्यायला हवे. स्टेनोंनी पुढचा प्रश्न विचारला: डोंगरातल्या कठीण खडकात दात शिरला कसा? खडकात दगड वाढला असता, तर भोवती चिरा पडल्या असत्या आणि दगडाचा आकारही वेडावाकडा झाला असता. दात तर रेखीव होते. म्हणजे दात आधीचा, भोवतीचा खडक नंतरचा. तो खडक एके काळी पाण्यातला मऊ गाळ होता. १६६७ साली हे विचार त्यांनी प्रसिद्ध केले, तेही ठाम निर्णय म्हणून नव्हे, तर तपासण्याजोगा तर्क म्हणून. मला स्वतःला त्यांच्या बुद्धीपेक्षा हा संयम मोठा वाटतो.

१६६९ च्या ग्रंथात त्यांनी नियम मांडले: गाळाचे थर मुळात आडवे साचतात, आणि उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर जुना, वरचा नवा. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या गाळाच्या नव्हेत, लाव्हाच्या. पण त्यांचा क्रम लावतानाही हाच नियम उपयोगी पडतो. पृथ्वीचे कोट्यवधी वर्षांचे वय मात्र स्टेनोंना ठाऊक नव्हते. नोहाच्या जलप्रलयाशी आपली निरीक्षणे जुळतात, अशीच त्यांची धारणा होती.

याच काळात त्यांच्या अंतःकरणातही मंथन चालू होते. १६६६ मध्ये लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक त्यांनी पाहिली. ही केवळ भाकर असेल तर हा सारा सन्मान व्यर्थ. आणि खरोखर ख्रिस्ताचे शरीर असेल तर आपण त्यास वंदन का करीत नाही, हा विचार त्यांना सोडीना. ग्रंथांचा अभ्यास करून १६६७ च्या अखेरीस त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. १६७५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६७७ मध्ये उत्तर युरोपातील विखुरलेल्या कॅथलिकांसाठी बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला.

संशोधन मात्र मागे पडले. हानोव्हर येथे त्यांना भेटलेल्या लायब्निट्झ या तत्त्वज्ञाला याची फार खंत वाटली. ती अगदीच अनाठायी होती, असे म्हणवत नाही. मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना म्हणून लिहिलेले १६६९ चे पुस्तक प्रस्तावनाच राहिले. म्युन्स्टर येथे ते साहाय्यक बिशप होते; तेथील बिशपपदाच्या निवडणुकीत पैशांचा व्यवहार झाल्याचे पाहून १६८३ मध्ये त्यांनी ते शहर सोडले. आपली मिळकत ते गरिबांना वाटत. कठोर उपवासांनी शरीर खंगले होते. ५ डिसेंबर १६८६ रोजी जर्मनीतील श्व्हेरिन येथे, वयाच्या ४८ व्या वर्षी, साध्या धर्मगुरूसारखे जीवन जगत असताना त्यांचे निधन झाले.

त्यांचा देह फ्लॉरेन्सला नेऊन सान लोरेन्झो चर्चमध्ये ठेवण्यात आला. १८८१ मध्ये बोलोन्या येथे भरलेल्या परिषदेसाठी आलेल्या नाना देशांच्या भूवैज्ञानिकांनी तेथे जाऊन त्यांना आदरांजली वाहिली. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यांच्या शवपेटीपाशी भाविक प्रार्थनेच्या चिठ्ठ्या ठेवतात. त्यांत परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्याही असतात.