पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे व जगाचें खरेपण

हें सर्व जग एखाद्या प्रचंड संगणकांत चाललेला खेळ तर नसेल ना, असा प्रश्न अलीकडे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी वारंवार विचारूं लागले आहेत. प्रश्न पोरकट नाहीं. इ. स. २००३ मध्यें ऑक्सफर्ड येथील तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रम यांनीं तो एका निबंधांत मोठ्या काटेकोरपणें मांडला. त्यांचें म्हणणें असें कीं, तिहींपैकीं एक गोष्ट खरी असलीच पाहिजे. एक तर, मनुष्यासारखे बुद्धिमान प्राणी अफाट यंत्रशक्ति हातीं येण्यापूर्वींच नाश पावत असावेत. किंवा ती हातीं येऊनहि आपल्या पूर्वजांच्या जगाचीं हुबेहूब प्रतिरूपें यंत्रांत चालविण्याची त्यांस इच्छा होत नसावी. आणि हीं दोन्ही अनुमानें खोटीं असतील तर आपण स्वतःच तशा एखाद्या प्रतिरूपांत राहत असण्याचा संभव फार मोठा आहे. तथापि जग दिसतें तसें खरोखर आहे काय, ही शंका संगणकाइतकी नवी नव्हे. या एका प्रश्नावर ज्यानें आपली सारी विद्या पणास लावली, अशा एका मराठी पंडिताचें चरित्र येथें सांगावयाचें योजिलें आहे.

नीळकंठशास्त्री हे जातीनें कोंकणस्थ ब्राह्मण. घराण्यांतील वडीलधारी मंडळी बुंदेलखंडांत बांद्याच्या नबाबाच्या पदरीं होती. हे नबाब पहिल्या बाजीरावाचे व मस्तानीचे वंशज, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. मराठ्यांच्या पाठोपाठ उत्तरेकडे गेलेलीं अशीं किती तरी कुटुंबें तिकडेच स्थायिक झालीं. झांशी प्रांतांतील काशीपुरा नांवाच्या गांवीं ८ फेब्रुवारी १८२५ रोजीं नीळकंठशास्त्र्यांचा जन्म झाला. परंतु ते वाढले व शिकले तें काशीस. तेथें दक्षिणी पंडितांचा मोठा दरारा होता. अशा वातावरणांत त्यांनीं संस्कृत शास्त्रांचें अध्ययन केलें. न्यायशास्त्रांत त्यांची बुद्धि विशेष चाले, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

त्या सुमारास जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या नोकरींतील स्कॉच गृहस्थांनीं मतपरीक्षा नांवाचा एक संस्कृत पद्यग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची थोरवी प्रतिपादन केली होती. हा ग्रंथ १८३९ मध्यें निघाला. त्यास तीन पंडितांनीं संस्कृतांतच उत्तरें दिलीं, व त्यांपैकीं एक हे जेमतेम विशींतले नीळकंठशास्त्री होत. त्यांच्या उत्तराचें नांव शास्त्रतत्त्वविनिर्णय. त्यांत त्यांनीं असा पक्ष घेतला कीं, धर्माच्या बाबतींत शास्त्र हेंच मुख्य प्रमाण. तर्कानें शास्त्रामागून चालावें, शास्त्रापुढें धांवूं नये. ज्या मनुष्यानें विशींत तर्काच्या नाकांत वेसण घातली, त्यानेंच पस्तिशींत त्याच तर्काला मोकळें सोडून सहाहि दर्शनांची झडती घ्यावी, हा योगायोग मला फार विचार करण्याजोगा वाटतो.

काशींतील चर्च मिशनचे विल्यम स्मिथ यांच्याशीं वाद करून त्यांस निरुत्तर करावें, या हेतूनें शास्त्रीबुवा त्यांच्याकडे जाऊं लागले. वादासाठीं प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचणें प्राप्तच होतें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचन त्यांनीं खंडनासाठीं वाचलें, आणि तेंच त्यांच्या मनांत घर करून बसलें. तरी निर्णय एका रात्रींत झाला नाहीं. कित्येक वर्षें त्यांचें मन हेलकावे खात होतें. अखेरीस १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें.

यासाठीं त्यांस काय मोल द्यावें लागलें याची कल्पना आजच्या मुलांस येणें कठीण आहे. काशींतील प्रतिष्ठित ब्राह्मणानें असें पाऊल टाकणें म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनें जिवंतपणींच मरणें होतें. पुढें पत्नी त्यांच्याजवळ येऊन राहिली. परंतु १८५३ मध्यें कन्या लक्ष्मी हिचा जन्म झाल्यावर थोड्याच दिवसांत ती माउली निवर्तली, आणि तान्ही मुलगी एका युरोपीय कुटुंबाच्या स्वाधीन करावी लागली. पित्याचा व कन्येचा सहवास असा आरंभींच तुटला. १८५४ मध्यें पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग विलायतेस निघाले, त्यांजबरोबर पंडित म्हणून गोऱ्हेहि गेले. ऑक्सफर्ड येथें त्यांची व माक्स म्यूलर यांची भेट झाली. ख्रिस्ताचें राज्य पाहूं या आशेनें गेलेल्या या भोळ्या मनाच्या मनुष्यास तिकडचा ऐषआराम पाहून मोठा विषाद वाटला, असें दिसतें.

परत आल्यावर त्यांनीं जो ग्रंथ लिहिला त्यानेंच त्यांचें नांव टिकलें आहे. षड्दर्शनदर्पण हा तो ग्रंथ. तो हिंदींत असून १८६० मध्यें प्रसिद्ध झाला, व दोनच वर्षांनीं फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. पहिल्या भागांत सांख्यादि दर्शनें, दुसऱ्यांत न्याय व वैशेषिक, आणि तिसऱ्यांत वेदान्त. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण जग खरें कीं खोटें हा प्रश्न तेथेंच येतो.

अंधारांत दोरी पडली आहे. पाहणारा तिला साप समजून दचकतो. दिवा आणल्यावर साप नाहींसा होतो. वेदान्ती म्हणतात कीं जगाचेंहि असेंच आहे. दोरीवरच्या सापाला जें असणें आहे तें प्रातिभासिक. घरदार, शेतवाडी, बाजारहाट यांचें असणें व्यावहारिक. आणि खरें, पारमार्थिक असणें एका ब्रह्माचें. यावर गोऱ्हे यांचा पहिला आक्षेप असा कीं, असण्याचे तीन प्रकार होऊंच शकत नाहींत. वस्तु आहे किंवा नाहीं. व्यावहारिक जग जर अखेरीस नाहींच, तर त्याला असणें हा शब्द लावणें म्हणजे नाहींला आहे म्हणणें झालें; आणि तें जर आहे, तर ब्रह्म एकटें राहत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. भ्रम झाला म्हटलें कीं तो कोणाला झाला हें सांगावें लागतें. दोरीला साप समजणारा मनुष्य दोरीहून व सापाहून निराळा, खरोखरीचा असा असतो. मग जगाचा भ्रम कोणाला? ब्रह्माला म्हणावें तर तें शुद्ध ज्ञानस्वरूप, त्यास चूक घडणें शक्य नाहीं. जीवाला म्हणावें तर जीव हा ब्रह्माहून वेगळा भासणें हेंच मुळीं भ्रमाचें कार्य. कार्य आपल्या कारणाला आधार कसें देईल? शिवाय अज्ञान हें स्वतः खरें कीं खोटें? खरें असेल तर ब्रह्माखेरीज दुसरी वस्तु सिद्ध झाली; खोटें असेल तर खोट्या बेडीनें कोणी खरोखर बांधला जात नाहीं, व त्याला सोडविण्याचेंहि कारण राहत नाहीं.

हीं शस्त्रें विलायतेहून आणलेलीं नव्हतीं. नैयायिक लोक जग खरेंच मानतात, आणि शास्त्रीबुवा काशींत जें शिकले होते त्याचाच हा उपयोग होता. आपल्या महाराष्ट्रांत तर श्रीज्ञानेश्वरांनीं अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणांत अज्ञान राहतें कोठें, हाच प्रश्न करून अज्ञानाचें खंडन केलें आहे व जग हा चैतन्याचा विलास ठरविला आहे. दोघांचे मार्ग निराळे, मुक्काम निराळे. तरी वाटेंतला एक दगड दोघांच्याहि पायास लागला. न्यायास अनुसरून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, गोऱ्हे यांनीं शांकरमताशीं सर्वत्र सारखें औदार्य दाखविलेलें नाहीं. श्रीशंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत, जागेपणींचें जग स्वप्नासारखें आहे असें म्हणणाऱ्या बौद्धांचें खंडन केलेलें आहे. आणि अज्ञान हें आहेहि म्हणतां येत नाहीं व नाहींहि म्हणतां येत नाहीं, तें अनिर्वचनीय, असें वेदान्त्यांचें उत्तर ठरलेलें आहे. तें उत्तर गोऱ्हे यांस पटलें नाहीं. मलाहि पटत नाहीं. पण वाचकांनीं दोन्ही बाजू पाहूनच मत बनवावें.

आतां हीच कसोटी संगणकाच्या कल्पनेस लावून पाहावी. आपण यंत्राबाहेर कोठें तरी निजलेले असून आंतला खेळ पाहत असूं, तर भ्रम पावणारा कोण याचें उत्तर मिळतें. पण मग निदान तो निजलेला तरी खरा ठरला, आणि त्याच्याभोंवतालचें जगहि. उलट आपण यंत्राच्या आंतच निर्माण झालेले असूं, तर फसला कोण? ज्याचें सारें असणें आंत आहे त्याचें आंतलें दुःख दुःखच राहतें. त्याची दाढ दुखली तर ती दुखतेच. डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञांनीं २०२२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत म्हटलें आहे कीं यंत्रांतील जगहि एक प्रकारें खरेंच जग होय.

अर्थात् असें जग परावलंबी असेल यांत शंका नाहीं. आपल्या कोराडीस औष्णिक विद्युत् केंद्र आहे. त्याच्या नव्या तीन संचांपैकीं एकेकाची शक्ति ६६० मेगावॅट आहे. वीज गेली कीं शाळेंतील संगणकावरचें राज्य, सैन्य, नदी, डोंगर सर्व एका क्षणांत नाहींसें होतें, व त्या राज्यांतील कोणाला आपल्या धुरांड्यांची वार्ताहि नसते. पण परावलंबी म्हणजे खोटें काय? घरांतील दिव्याचा उजेड कोळशाच्या आधारावर उभा आहे म्हणून त्या उजेडांत मूल अभ्यास करीत नाहीं असें कोण म्हणेल? गोऱ्हे यांचा स्वतःचा सिद्धांत याच्या जवळचा होता. ईश्वरानें जग शून्यांतून उत्पन्न केलें असें ते मानीत. त्या मताप्रमाणें जग क्षणोक्षणीं ईश्वरावर अवलंबून आहे, आणि तरीहि तें खरें आहे. त्यांतलें पाप खरें, दुःख खरें, व दयाहि खरी. पत्नीच्या मृत्यूनंतर व लेंकराच्या ताटातुटीनंतर ज्यानें हें लिहिलें, त्याला दुःखास आभास म्हणणें जमलें नाहीं, यांत नवल तें काय?

पुढील चरित्र थोडक्यांत सांगतां येईल. १८६८ मध्यें त्यांस डीकनची व १८७० मध्यें धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १८७६ मध्यें ते पुन्हां विलायतेस जाऊन काउली येथील संन्यस्त धर्मगुरूंच्या संघांत उमेदवार म्हणून राहिले. परंतु अखेरचीं व्रतें त्यांनीं कधींच घेतलीं नाहींत. शंका हा त्यांचा जन्माचा सोबती होता. दुसऱ्यांच्या शंका ते फेडीत, आणि रात्रीं स्वतःच्या शंकांशीं झुंजत. पुणें, मुंबई, इंदूर येथें ते साध्या वेषांत, अत्यंत गरिबीनें राहिले, व ब्राह्मसमाज आणि प्रार्थनासमाज यांच्या विद्वानांशीं त्यांचे वाद झाले. पंडिता रमाबाई यांनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनांतील कित्येक गांठी सुटण्यास गोऱ्हे यांचें लेखन कारण झालें होतें.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षीं, त्याच शहरीं, २९ ऑक्टोबर रोजीं नेहेम्या गोऱ्हे यांनीं देह ठेविला. त्यांचें विस्तृत इंग्रजी चरित्र गार्डनर यांनीं १९०० मध्यें प्रसिद्ध केलें आहे. कन्या लक्ष्मी विलायतेंत वाढून १८८० मध्यें स्वदेशीं परतली होती. तिनें इंग्रजींत भक्तिगीतें रचलीं, येथील स्त्रियांच्या व मुलींच्या सेवेंत आयुष्य वेंचलें, व पित्यामागून बेचाळीस वर्षांनीं, १९३७ मध्यें, तिचा अंत झाला.