विश्लेषण : गाडीत रेडिओ ‘बाहेरून’ बसवण्याचा व्यवसाय कसा उभा राहिला? काय आहे मोटोरोलाच्या पॉल गॅल्विन यांची कहाणी?

गाडीसोबत आलेला स्टिरिओ काढून नवा संच, दमदार स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवून घेणे आज नित्याचे झाले आहे. मात्र एके काळी मोटारीत कारखान्यातून काहीच येत नसे, जे काही वाजे ते बाहेरून बसवलेले असे. हा हौशी, खर्चिक आणि बेभरवशाचा उद्योग सर्वसामान्य ग्राहकापर्यंत नेणाऱ्यांत पॉल गॅल्विन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

पॉल गॅल्विन कोण होते?

गॅल्विन यांचा जन्म २९ जून १८९५ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील हार्वर्ड या छोट्या गावात झाला. हे रेल्वेचे गाव. शाळकरी वयातच ते स्थानकावर थांबणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांना पॉपकॉर्न विकत. इलिनॉय विद्यापीठातील शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. ते अभियंते नव्हते. पण कोणती वस्तू लोकांना हवी आहे आणि ती कोणत्या किमतीत परवडेल, याची जाण त्यांना होती.

बॅटरीच्या धंद्यात दोनदा अपयश का?

१९२१ मध्ये एडवर्ड स्टुअर्ट या मित्रासोबत त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मार्शफील्ड येथे बॅटरीचा कारखाना काढला. तो दोन वर्षांत बंद पडला. काही काळ शिकागोतील एका मिठाई कंपनीत नोकरी केल्यावर १९२६ मध्ये ते पुन्हा स्टुअर्ट यांच्याबरोबर बॅटरीच्या धंद्यात उतरले. १९२८ मध्ये तोही बुडाला. मालमत्तेचा लिलाव झाला, तेव्हा गॅल्विन यांनी आपल्याच बुडालेल्या धंद्यातील एक भाग ७५० डॉलरना विकत घेतला. तो होता ‘बॅटरी एलिमिनेटर’चा. बॅटरीवर चालणारा रेडिओ घरच्या विजेवर चालवणारे हे उपकरण. २५ सप्टेंबर १९२८ रोजी भाऊ जोसेफ यांच्यासह शिकागोत ‘गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन’ सुरू झाली. हाताशी रोख ५६५ डॉलर आणि पाच कामगार होते. पण थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात येऊ लागल्याने एलिमिनेटरचेही दिवस भरत आले होते. पाठोपाठ १९२९ ची मंदी कोसळली. तिसऱ्यांदा दिवाळे काढायचे नसेल, तर नवे काहीतरी शोधणे भाग होते.

मोटारीत रेडिओ वाजवणे इतके अवघड का होते?

मोटारीतील रेडिओ गॅल्विन यांच्याआधीही होते. पण ते महाग होते आणि बहुधा एकेका गाडीसाठी जुळवून द्यावे लागत. मुख्य अडचण इंजिनाचीच होती. स्पार्क प्लगमध्ये उडणारी प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी सोडते, म्हणजे इंजिन हेच एक छोटे प्रक्षेपण केंद्र ठरते. गाडी सुरू होताच संगीताऐवजी खरखर ऐकू येई. जनरेटरचा गोंगाट वेगळाच. दुसरा प्रश्न विजेचा. रेडिओतील व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत, गाडीची बॅटरी तेव्हा साधारण ६ व्होल्टची असे. त्यामुळे रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. तिसरा प्रश्न खड्ड्यांचा. काचेचे व्हॉल्व्ह सततच्या हादऱ्यांत टिकवायचे होते.

शिकागोतील विल्यम लिअर आणि तरुण तंत्रज्ञ एल्मर वेव्हरिंग यांच्या मदतीने ही कोडी एकेक करून सोडवण्यात आली. ठिणगीचा गोंगाट दाबण्यासाठी स्पार्क प्लगच्या तारांवर रोधक, तर जनरेटरवर कपॅसिटर बसवले जात. लिअर पुढे ‘लिअरजेट’ विमानांमुळे आणि मोटारीतील ‘एट-ट्रॅक’ टेपमुळे प्रसिद्ध झाले. वेव्हरिंग मोटोरोलाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले.

अटलांटिक सिटीत काय घडले?

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले होते. प्रदर्शनात दालन घेण्याइतके पैसे गॅल्विन यांच्याकडे नव्हते. त्यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला, शिकागोहून सुमारे १३०० किलोमीटर गाडी हाकत नेली आणि अधिवेशनाच्या जागेबाहेर उभी करून रेडिओ मोठ्याने लावला. येणारेजाणारे विक्रेते थांबून ऐकू लागले आणि मागण्या नोंदवू लागले. या ‘५टी७१’ संचाची किंमत ११० ते १३० डॉलर होती. फोर्डची नवी मोटार त्या काळी पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असताना ही रक्कम लहान नव्हती. तरीही आधीच्या संचांपेक्षा तो स्वस्त होता. ‘मोटर’ आणि त्या वेळच्या ‘व्हिक्ट्रोला’ ग्रामोफोनच्या नावातील ‘ओला’ जोडून ‘मोटोरोला’ हे नाव तयार झाले. त्या वर्षी कंपनीला तोटाच झाला, पण मार्ग सापडला होता.

रेडिओ बसवणे हीच खरी कसोटी कशी ठरली?

संच विकला की काम संपत नसे. डॅशबोर्ड उघडायचा, एरियलसाठी छताचे अस्तर उसवायचे, बॅटऱ्यांसाठी गाडीच्या तळाला भोक पाडायचे, अशा कामात दोन माणसांचे काही दिवस सहज जात. एक किस्सा नेहमी सांगितला जातो. कर्ज मिळावे म्हणून गॅल्विन यांनी एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात त्या गाडीने पेट घेतला. चांगला संच वाईट हातांनी बसवला गेला तर दोष संचालाच लागतो, हे गॅल्विन यांना पुरते कळले होते. त्यामुळे बसवण्याच्या सविस्तर सूचना देणे आणि ते काम जाणणारी दुकाने जोडणे यावर त्यांनी भर दिला. १९३४ मध्ये गुडरिच या टायर कंपनीशी करार होऊन तिच्या दुकानांतून मोटोरोला विकला आणि बसवला जाऊ लागला. तोवर बसवण्याच्या खर्चासह किंमत ५५ डॉलरपर्यंत उतरली होती. गाडीच्याच बॅटरीवर चालणारे ‘व्हायब्रेटर’ संच आल्याने वेगळ्या बॅटऱ्यांचे ओझेही गेले.

पुढे काय झाले?

मोटार कंपन्या स्वतःच रेडिओ देऊ लागल्या, तेव्हा बाहेरून बसवण्याचा धंदा आटोपेल असे वाटणे साहजिक होते. गॅल्विन यांनी मात्र गाडीतील रेडिओच्या अनुभवावर नवी क्षेत्रे शोधली. १९३६ मध्ये पोलिसांच्या गाड्यांसाठी रेडिओ आला. दुसऱ्या महायुद्धात कंपनीचे हातात धरण्याचे आणि पाठीवर वाहण्याचे संदेशवहन संच अमेरिकी सैन्याने वापरले. १९४७ मध्ये कंपनीचेच नाव मोटोरोला झाले. ५ नोव्हेंबर १९५९ रोजी गॅल्विन यांचे निधन झाले. तोवर कंपनीची सूत्रे मुलगा रॉबर्ट यांच्याकडे आली होती.

आज स्टिरिओ बदलताना याचा संबंध काय?

गॅल्विन यांच्यासमोरचे गोंगाट, वीज आणि बसवणे हे तिन्ही प्रश्न आजही कायम आहेत. डॅशबोर्डमधील संचाच्या खोक्यावर ५० वॉट लिहिलेले असले, तरी गाडीच्या १२ ते १४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला प्रत्यक्षात २० वॉटच्या आसपासच शक्ती मिळते. त्याहून अधिक हवी असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. त्याची जाड तार थेट बॅटरीपासून घ्यावी लागते आणि बॅटरीपासून साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज असावा लागतो. तो नसेल तर तार घासून शॉर्ट झाल्यावर पॅकार्डची गत होऊ शकते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर बहुधा अर्थिंग सैल असते किंवा विजेची आणि संगीताची तार शेजारून नेलेली असते. रंग खरवडून उघड्या धातूवर अर्थिंग घेणे आणि दोन्ही तारा गाडीच्या दोन बाजूंनी नेणे, हा त्यावरचा सोपा उपाय. मूळ वायरिंग कापण्याऐवजी योग्य कपलर वापरल्यास वॉरंटीचा वादही टळतो. ग्राहक बहुतेक वेळ स्पीकरची निवड करण्यात घालवतो. पण संच वाजणार कसा, हे शेवटी तो बसवणाऱ्या हातांवरच अवलंबून असते.