हुशार मुलांच्या शोधात एक आयुष्य : लुईस टर्मन

मूल तिसरी-चौथीत गेले आणि वर्गात सतत पहिल्या दोघा-तिघांत येऊ लागले, की मध्यमवर्गीय घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. याची बुद्धिमापन चाचणी करून घ्यावी काय? हुशार मुलांसाठी चालणाऱ्या खास वर्गात त्याला घालावे काय? की एखादी इयत्ता ओलांडून सरळ वरच्या वर्गात बसवावे? पुण्या-मुंबईच्या पालकांना हा प्रश्न अगदी आपला आणि आजचा वाटतो. परंतु ज्या भाषेत आपण तो विचारतो, ती भाषा शंभरेक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात घडली. ती घडविण्यात सर्वांत मोठा वाटा लुईस मॅडिसन टर्मन या मानसशास्त्रज्ञाचा होता. खास वर्गांचे समर्थक आजही त्यांच्याच अभ्यासाचा हवाला देतात आणि विरोधकांना लागणारा दारूगोळाही त्याच अभ्यासात सापडतो.

टर्मन यांचा जन्म १५ जानेवारी १८७७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. चौदा भावंडांतील ते बारावे. गावची शाळा एका खोलीची होती. सगळ्या इयत्ता तिथेच बसत. मुलगा भराभर पुढे गेला, याचे एक कारण ती शाळाच असावी. एकाच खोलीत वरच्या वर्गाचे धडे कानावर पडतात आणि ज्याला ते उचलायचे असतात त्याला कोणी अडवीत नाही. टर्मन नऊ-दहा वर्षांचे असताना एक फिरता पुस्तकविक्रेता त्यांच्या घरी उतरला. डोक्याच्या कवटीवरील उंचवटे चाचपून माणसाची बुद्धी सांगण्याची विद्या त्या काळी लोकप्रिय होती आणि तिच्यावरचीच पुस्तके तो विकत असे. त्याने घरातल्या सर्वांची डोकी चाचपली आणि या मुलाचे भवितव्य उज्ज्वल असल्याचे सांगितले. ती विद्या पुढे थोतांड ठरली. तरीही एका परक्या माणसाने लहान वयात दिलेला तो विश्वास टर्मन यांच्या मनात कायम राहिला आणि पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तातही त्यांनी त्याची आठवण नोंदविली.

शेतातली कामे करीत, पंधराव्या वर्षी घर सोडून ते शिक्षक-प्रशिक्षणाच्या महाविद्यालयात गेले. नंतर खेड्यांतल्या शाळांत शिकविले, मुख्याध्यापकी केली, लग्न केले. घरच्यांकडून उसने घेतलेल्या पैशांवर इंडियाना विद्यापीठ आणि मग मॅसॅच्युसेट्समधील क्लार्क विद्यापीठ गाठले. तेथे १९०५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधासाठी त्यांनी सात अतिशय हुशार आणि सात अतिशय मंद समजली जाणारी मुले निवडून त्यांच्या विचारप्रक्रियेची तुलना केली होती. पुढच्या आयुष्याचा विषय इथेच ठरला. मधल्या काळात क्षयाने गाठल्यामुळे कोरड्या, उबदार हवेसाठी त्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे शाळेच्या प्राचार्याची नोकरी पत्करली. १९१० मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात आले आणि १९४२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धीची पहिली उपयुक्त कसोटी तयार केली होती. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करावी, एवढाच बिने यांचा हेतू. बुद्धी वाढू शकते, असे त्यांचे मत होते. १९११ मध्ये बिने वारले. टर्मन यांनी ही कसोटी अमेरिकेतील सुमारे एक हजार मुलांवर पारखून, वाढवून १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीच प्रसिद्ध स्टॅनफर्ड-बिने कसोटी. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागावे, ही कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांची. त्याला शंभराने गुणून बुद्ध्यांकाचा आकडा घरोघरी पोहोचविला तो टर्मन यांनी. मागे पडणाऱ्यांसाठी बनविलेले साधन त्यांनी पुढे धावणाऱ्यांच्या शोधासाठी वापरले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी याच परंपरेतून मुंबई-कर्नाटक भागातील मुलांसाठी मराठी आणि कन्नड कसोटी तयार केली. तिच्यावरील त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. बिने-कामत या नावाने ती कसोटी आजही वापरली जाते.

१९२१ मध्ये टर्मन यांनी आयुष्यातील सर्वांत मोठे काम हाती घेतले. कॅलिफोर्नियातील मोठ्या शहरांच्या शाळांतून अत्यंत हुशार मुले निवडायची आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. त्या काळी हुशार मुलांविषयी समाजात शंकाच फार होती. लवकर पिकते ते लवकर सडते, अशी मुले रोगट, एकलकोंडी आणि विक्षिप्त निघतात, असे शिक्षकही मानीत. टर्मन यांना हा समज खोडून काढायचा होता. निवडीची पद्धत अशी : प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गातील सर्वांत हुशार मुलांची नावे द्यायची आणि त्यांच्या जोडीला वर्गातील वयाने सर्वांत लहान मुलाचेही. या मुलांची आधी सामूहिक चाचणी होई आणि तीत वर आलेल्यांची नंतर एकेकट्याची. बुद्ध्यांक सर्वसाधारणपणे १३५ किंवा १४०च्या वर असेल तर निवड. पुढे भर पडत ही संख्या १५२८ वर गेली. टर्मन यांची स्वतःची दोन्ही मुलेही तीत होती.

या निवडीत एक मजेदार गोष्ट उघड झाली. शिक्षकाने हुशार म्हणून पुढे केलेल्या पहिल्या मुलापेक्षा, वयाने सर्वांत लहान म्हणून नाव आलेले मूल कसोटीस उतरण्याची शक्यता जास्त होती. शिक्षकांची नजर नीटनेटक्या, उत्तरे देणाऱ्या, वयाने जरा थोराड मुलांवर जाई. आजही खास वर्गांसाठी शिक्षकांच्या शिफारशीवर विसंबणाऱ्या शाळांनी हे ध्यानात घ्यावे.

पहिला अहवाल १९२५ मध्ये आला. ही मुले प्रकृतीने सरासरीपेक्षा सुदृढ, खेळांत रस घेणारी, मित्र असणारी निघाली. मात्र त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना ज्या इयत्तेत ती बसत होती तिच्या दोन इयत्ता पुढचा अभ्यास आधीच येत होता! वर्षभर तेच ते ऐकत बसणे, हा त्यांच्या शाळेचा अनुभव. टर्मन यांचा युक्तिवाद इथून उभा राहतो आणि तो अजून कोणी खोडलेला नाही. आठ वर्षांच्या मुलाला जे येते तेच पुन्हा शिकविणे हा त्याच्यावर अन्यायच. शिवाय फारसे कष्ट न करता पहिला नंबर मिळत गेला, तर कष्टाची सवय लागणार कधी? अशा मुलांना शालेय वयात एक-दोन वर्षे पुढे जाऊ द्यावे, असे त्यांचे मत झाले. त्यांच्याच काळात न्यूयॉर्कमध्ये लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वेगळी वाट धरली होती. मुलांना वयाच्या सोबत्यांतच ठेवावे, पण त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग भरवून अभ्यासक्रम रुंद करावा, असा त्यांचा प्रयोग. अत्युच्च बुद्ध्यांकाच्या मुलांना समवयस्कांत एकटेपण भोगावे लागते, हे टर्मन यांच्यापेक्षा त्यांनी अधिक जवळून पाहिले.

टर्मन यांच्या विचारांची दुसरी बाजू कडवट आहे. ती झाकून त्यांचे चरित्र लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. बुद्धी बहुतांशी जन्मजात असते, असे ते मानीत. १९१६च्या पुस्तकात त्यांनी मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन मुलांच्या कमी गुणांचे खापर वंशावर फोडले आणि त्यांना वेगळ्या वर्गात बसवावे असे सुचविले. घरात पुस्तक नाही, शाळेची भाषा घरची नाही, याचा काही विचार नाही. शेतकऱ्याच्या घरातून वर आलेल्या माणसाला हे सुचू नये, हे विशेषच. सुप्रजननवादी चळवळीत ते सामील होते आणि त्या चळवळीच्या रेट्याने कॅलिफोर्नियात सुमारे २० हजार लोकांचे निर्बीजीकरण झाले. १९२२ मध्ये पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी बुद्धिमापनावर लेखमाला लिहून, एका तासाच्या चाचणीवरून मुलाचे भवितव्य ठरविण्याच्या वृत्तीवर कडक टीका केली. टर्मन यांनी तिला उत्तर दिले ते उपहासाने. पुढील काळात त्यांचा सूर मवाळ झाला. पण शाळांतील मुलांना बुद्धीनुसार वेगवेगळ्या प्रवाहांत विभागण्याची जी व्यवस्था त्यांनी पुरस्कारली, तिने खालच्या प्रवाहात पडलेल्या किती मुलांची वाट अडविली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

निवडलेल्या मुलांचा हिशेब मात्र काटेकोर होता. ती मोठी झाली, तशी टर्मन त्यांना पत्रे लिहीत, प्रश्नावल्या पाठवीत, शिफारसपत्रे देत, विद्यापीठ प्रवेशासाठी शब्द टाकीत. शास्त्रज्ञाच्या तटस्थतेला हे शोभत नाही, माणुसकीला शोभते! यांतील सुमारे दोन तृतीयांश पदवीधर झाले. पदवी हीच दुर्मीळ असलेल्या त्या काळात ही मोठीच गोष्ट. अनेक जण प्राध्यापक, वकील, डॉक्टर, अभियंते झाले. रॉबर्ट सिअर्स आणि ली क्रॉनबाख हे नामवंत मानसशास्त्रज्ञ याच यादीतले. मुलींची कथा निराळी. त्यांचे गुण मुलांच्या तोडीचे होते, पण मध्यमवयात सुमारे निम्म्या जणी गृहिणी होत्या. तो दोष कसोटीच्या माथी मारता येत नाही.

१९४० च्या सुमारास टर्मन आणि त्यांच्या सहकारी मेलिटा ओडेन यांनी पुरुषांतील सर्वांत यशस्वी आणि सर्वांत कमी यशस्वी अशा दोन गटांची तुलना केली. दोन्ही गटांच्या लहानपणच्या बुद्ध्यांकात फारसा फरक नव्हता. फरक होता तो चिकाटीत, ध्येयाच्या स्पष्टतेत, आत्मविश्वासात, आणि घरातही. यशस्वी गटातील कितीतरी अधिक जणांचे वडील उच्चशिक्षित होते. बुद्धी आणि कर्तृत्व यांचे नाते आपण समजत होतो तितके पक्के नाही, असे टर्मन यांना स्वतःच लिहावे लागले. आयुष्यभर जन्मजात बुद्धीची पाठराखण करणाऱ्या माणसाने स्वतःच्या आकड्यांसमोर घेतलेली ही माघार मला त्यांच्या साऱ्या कामगिरीत मोठी वाटते. समाजशास्त्रज्ञ पितिरिम सोरोकिन यांनी १९५६ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले, की अशाच सुस्थित घरांतली कोणतीही मुले उचलली असती, तरी ती जवळपास इतकीच पुढे आली असती.

याच अभ्यासातून नंतर निघालेला एक निष्कर्ष आपल्या पालकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. मार्गारेट कर्न आणि हॉवर्ड फ्रीडमन यांनी २००९ मध्ये टर्मन यांच्या नोंदींवरून या मुलांची पूर्ण आयुष्ये पडताळली. शाळेत नेहमीच्या वयाआधी घातलेल्या मुलांचे पुढील शिक्षण तुलनेने कमी झाले, मध्यमवयातील समाधान कमी राहिले आणि आयुर्मानही थोडे घटलेले दिसले. हा केवळ संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरीही प्रवेशासाठी जन्मतारखेशी झटापट करणाऱ्यांनी एकवार थांबावे. गंमत अशी, की टर्मन यांनी स्वतःच्या मुलाला, फ्रेडरिकला, नऊ वर्षांचा होईपर्यंत नियमित शाळेत घातले नव्हते. तो घराभोवती हुंदडला आणि मग शाळेत जाऊन सहज बरोबरीला आला. हाच फ्रेड टर्मन पुढे स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकीचा प्राध्यापक झाला आणि सिलिकॉन व्हॅलीच्या जनकांपैकी एक म्हणून ओळखला गेला.

१९२० च्या दशकात कसोटी दिलेल्या, पण आकडा पुरेसा न आल्याने वगळलेल्या मुलांत दोन मुलगे होते. एक विल्यम शॉकली, दुसरा लुईस अल्व्हारेझ. शॉकली यांना ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी १९५६ मध्ये, तर अल्व्हारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही नोबेल मिळाले नाही. शॉकली यांनी आपली प्रयोगशाळा स्टॅनफर्डच्या परिसरात आणावी, म्हणून त्यांना गळ घालणाऱ्यांत फ्रेड टर्मन होते. वडिलांच्या चाळणीतून सुटलेला मुलगा असा मुलाच्या हाती लागला. या एका उदाहरणावरून कसोटीच टाकाऊ ठरविणे मात्र बरोबर नाही. नोबेल हे इतके विरळा, की दीड हजारांत एकही न सापडणे स्वाभाविकच म्हणावे. जिला एखाद्या मुलाची या वर्षीची भूक कळते, तिला त्याच्या चाळिशीचे कर्तृत्वही कळावे, ही अपेक्षाच अवाजवी.

टर्मन यांचे निधन २१ डिसेंबर १९५६ रोजी झाले. पुढच्याच वर्षी रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि १९५८च्या कायद्यानंतर हुशार विद्यार्थी शोधण्यासाठी सरकारी पैसा शाळांकडे वाहू लागला. आपल्याकडे १९६२ मध्ये आप्पासाहेब पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथे बुद्धीच्या शोधाला समाजकार्याची जोड मिळाली. न्यूयॉर्कमध्ये तर चार वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन त्यांना खास वर्गांत घालण्याची पद्धत रूढ झाली होती. त्या वर्गांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले नगण्य असल्याने वाद पेटला आणि २०२१ मध्ये ती चाचणी बंद पडली. वर्ग ठेवावेत की मोडावेत, यावर तेथे नंतरही महापौरागणिक धोरण बदलत राहिले.

टर्मन यांच्या पश्चात त्यांच्या मुलांची, म्हणजे त्या दीड हजारांची, जबाबदारी रॉबर्ट सिअर्स यांनी घेतली. लहानपणी स्वतः निवडला गेलेला हा गृहस्थ आता आपल्याच सोबत्यांना प्रश्नावल्या पाठवीत होता. काहींनी नव्वदी गाठेपर्यंत उत्तरे पाठविली. बहुतेकांची नावे स्टॅनफर्डने अद्याप जाहीर केलेली नाहीत.