ड्रॉइंग मास्तरांचा कारखाना

फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीट्स रात्रभर ‘जीटी’ मारून पूर्ण करणाऱ्या तमाम होस्टेलवासीयांना हे वाचून जरा बरं वाटेल. महाराष्ट्राच्या कारखानदारीतला एक फार मोठा माणूस आधी ड्रॉइंगचाच मास्तर होता! नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

फायनल इयरला कॅम्पस सुरू झाला की सॉफ्टवेअरची रांग लांबच लांब आणि प्रॉडक्शनची छोटी. ऑपरेशन्स म्हणजे शिफ्ट, घाम आणि सुपरवायझरची आरडाओरड, अशी आपली एकूण समजूत. इथे वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवलीकडे गाळ्यांमागून गाळे आहेत, पण आत काय चालतं ते बघायला आपण इंडस्ट्रियल व्हिजिटच्या सहीपुरतेच जातो. कच्चा माल कधी मागवायचा, कुठला जॉब कुठल्या मशीनवर लावायचा, नग रिजेक्ट का होतात, तयार माल पडून राहिला तर पगार कुठून करायचे, हेच तर ऑपरेशन्स मॅनेजमेंट. लक्ष्मणरावांच्या काळी याचा कोर्स नव्हता. त्यांनी तो पदरचे पैसे घालून केला.

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना, चित्रांत रमे. म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं, की काही रंगांमधला फरक आपल्याला कळतच नाही. चित्रकार व्हायचा प्रश्नच मिटला. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले (तिथे पेन्सिलीचा एकच रंग!) आणि व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. तेव्हा ही संस्था भायखळ्याला होती, माटुंग्याला नव्हे. शिकवता शिकवता वर्कशॉपमधल्या यंत्रांवर हात बसवला. जोडीला सायकलींचा धंदा. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला थोरल्या भावाकडे, रामुअण्णांकडे पाठवायच्या. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव त्या दुकानाचं.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

आधी कडबा कापायची यंत्रं केली. मग १९०३ साली लोखंडी नांगर. आणि खरी परीक्षा इथून सुरू झाली, कारण नांगर कोणी घेईना! लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! आपल्या प्रोजेक्टचा प्रोटोटाइप दोन दिवस चालला नाही तर आपण गाइड बदलून मागतो. इथे लोखंडात पैसा अडकलेला, मजुरी देऊन झालेली आणि माल समोर उभा. इन्व्हेंटरीचं कुठलंही सूत्र पाठ न करता तिचा अर्थ त्यांना कळला असणार.

माझ्या मते शेतकऱ्याला नुसतं हसून चालणार नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार-लोहार तो तिथल्या तिथे नीट करून द्यायचा. ओतीव लोखंडाचा तुकडा पडला तर गावात तो जोडता येत नाही, तसाच दुसरा भाग आणून बसवावा लागतो. फाळ तर झिजणारच. म्हणजे आज विकलेल्या नांगराला पुढच्या वर्षी ओतलेला फाळ शेताच्या बांधावर, कानस न मारता बसला पाहिजे. टॉलरन्स आणि इंटरचेंजेबिलिटी हे मेट्रॉलॉजीच्या व्हायवात आपण घोकून सांगतो, ते असं एका शेतकऱ्याच्या पेरणीशी जोडलेलं असतं.

नांगर खपू लागले, आणि बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी नेमकी कारखान्याचीच जागा हवी झाली. जमलेलं सगळं उचलायची पाळी! औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. प्लांट लोकेशनच्या धड्यात पाणी, रस्ते, कामगार, बाजारपेठ अशी यादी असते. तिथे होतं काय, तर निवडुंग, साप आणि रेल्वे. पण कच्चं लोखंड आणायला आणि नांगर पाठवायला रेल्वे होती, ही गोष्ट छोटी नाही. १९१० साली कामगार बायकामुलांसह तिथे आले आणि वाडी वसली.

वाडीची आखणी आणि कारभार रामुअण्णांकडे. बाकी मंडळी बघाल तर आपल्या एटीकेटी बॅचची आठवण येईल. शाळेत न चमकलेले शंभूराव जांभेकर तिथे इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले, आणि अभ्यासात बेताचेच असलेले अनंतराव फळणीकरही. रात्रीच्या पहाऱ्यावर तर पूर्वी दरोडे घातलेली माणसं नेमली! अस्पृश्यता वाडीत पाळायची नाही, हा नियम होता. हा भाग कुठल्याही लेआउट डायग्रॅमवर दिसत नाही, पण माझ्या मते कारखाना चालला तो यावर.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं अवघड झालं, लोखंड आणि कोळसा मिळवताना दमछाक झाली. त्यातूनही कारखाना तगला. १९२० मध्ये लिमिटेड कंपनी झाली. १९२२ साली मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल शिकायला गेला आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन परतला. सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला तो याच १९२६ साली. वडिलांकडे कसलीही इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती, तरी मुलाला त्यांनी ती घ्यायला सातासमुद्रापार धाडलं, हे विशेष.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नावही बदललं. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी लागते. कारखाना तिथे आजही चालू आहे, पंप बनतात.